योगक्षेमाची वही

माउली, आपल्या घरातली जुनी ट्रंक एकदा उघडून बघा. तळाशी, लुगड्याच्या घडीखाली किंवा सातबाऱ्याच्या कागदांसोबत, पिशवीत गुंडाळलेला एक जाड कागद बहुधा सापडेल. त्यावर दोन हातांनी जपलेली एक ज्योत असेल आणि तिच्याशी संस्कृतातले एक लहानसे वाक्य असेल. ते वाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातले आहे. बाविसाव्या श्लोकाचा तो शेवट. भक्ताचा योगक्षेम मी वाहतो, असे भगवंतांनी जिथे सांगितले, तिथले ते शब्द. माउलींनी त्या श्लोकावर बोलताना पंख न फुटलेल्या पिलांसाठी जगणाऱ्या पक्षिणीची उपमा दिली आहे. तो श्लोक फडावरच्या कीर्तनात आपण शेकडो वेळा ऐकला. पण तोच श्लोक विम्याच्या कागदावर बसून भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या कोठीपर्यंत आला, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

आणि तो कागद तुमच्या घरी कोणी आणला, तेही आठवून बघा.

आमच्या आत्याच्या गावी तो फौजीकाकांनी आणला. पवनीच्या पलीकडे, वैनगंगेच्या काठचे गाव. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. बाया फौजीभाऊ म्हणत, पोरे मेजरसाहेब म्हणत. मेजर ते नव्हतेच, नाईक म्हणून निवृत्त झाले होते. बासष्टच्या युद्धानंतर सैन्यात मोठी भरती झाली, त्या लाटेत ते गेले. पासष्ट पाहिले, एकाहत्तर पाहिले, आणि सतरा वर्षांची नोकरी करून ऐन पस्तिशीत काळी ट्रंक घेऊन घरी परतले. शिपायाचे हे एक वेगळेच दुखणे असते. ज्या वयात इतर माणसे संसारात स्थिरावतात, त्या वयात त्याला पेन्शनीत काढतात. हाताला शिस्त असते, पाठीला ताठपणा असतो, पण काम नसते. दोन एकर बांधी आणि तुटपुंजे पेन्शन यावर चार माणसांचे घर चालत नाही. मग कोणी बँकेत पहारेकरी होतो, कोणी कारखान्याच्या फाटकावर उभा राहतो, आणि बरेच जण विम्याची एजन्सी घेतात. फौजीकाकांनी सायकल घेतली, रेक्झिनची एक बॅग घेतली आणि लाल कापडाच्या पुठ्ठ्याची एक लांबट वही घेतली. ही वही पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

विमा एजंट म्हटले की आपल्याकडे लोक तोंड फिरवतात. समोरून सायकल आली की माणूस मागच्या दाराने शेतावर जातो. यात सगळा दोष लोकांचा नाही. या धंद्याची घडणच अशी आहे की पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर एजंटाला मोठे कमिशन, आणि चौथ्या वर्षापासून जुन्या पद्धतीत पाच टक्के. म्हणजे पॉलिसी काढून देण्यात कमाई, ती टिकवण्यात नुसते पायपिटीचे काम. ज्याची नजर कमाईवर असते तो पहिल्या हप्त्यापुरता येतो. ज्याची नजर माणसावर असते तो वीस वर्षे येत राहतो. तुमच्या गावात कोणत्या प्रकारचा होता, ते तुम्हीच जाणता.

आमचे मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, माळकरी. एकादशी चुकवली नाही, हरिपाठ चुकवला नाही. फौजीकाका पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मामाजींनी पाणी दिले, पान दिले आणि हात जोडले. म्हणाले, "भाऊ, माझा विमा पंढरीत उतरला हाये. तो पांडुरंग पायते सगळं." फौजीकाका स्वतःही माळकरी. देवाच्या नावापुढे काय बोलणार? उठले आणि निघाले.

दुसऱ्या आषाढात रोवणी चालू असताना मामाजींना बांधीत साप डसला. भंडाऱ्याच्या चिखलात हे नवे नाही. पऱ्हे उपटायला वाकलेला हात कुठे पडतो ते दिसत नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते. मागे आत्या, दोन मुली, एक मुलगा आणि सोसायटीचे कर्ज.

माउली, या लेखाचा प्रश्न तिथून सुरू होतो. मामाजी चुकले का? ज्याने देवावर भार टाकला त्याने विमा काढणे म्हणजे अविश्वास का? मी हा प्रश्न पुढे अनेक कीर्तनकारांना विचारला. काहींनी हसून सोडून दिला, काहींनी प्रारब्धाकडे बोट दाखवले. मला मात्र उत्तर आपल्या परंपरेच्या इतिहासातच मिळाले, आणि ते एका निवृत्त शिपायाच्या आयुष्यात मिळाले.

फौजी माणसाला वारीत कोणी नवी जागा करून द्यावी लागत नाही. आज आपण ज्या रूपात माउलींचा पालखी सोहळा पाहतो, तो एका फौजी माणसानेच बांधला आहे. हैबतराव पवार, आरफळकर. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदारकी केली, आणि गावी परतताना सातपुड्याच्या रानात लुटारूंनी त्यांना धरले अशी परंपरा सांगते. कोंडलेल्या जागी त्यांनी हरिपाठ धरला. सुटका झाली तेव्हा घराकडे न वळता ते आळंदीला आले आणि उरलेले आयुष्य माउलींच्या पायाशी काढले.

त्याआधी पालखी नव्हती असे नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन, आळंदीला माउलींच्या पादुका सोबत करून, पंढरीची वाट धरली होती. पुढे वाद झाले, आणि १८३० नंतरच्या काळात हैबतबाबांनी माउलींचा सोहळा स्वतंत्रपणे उभा केला. पेशवाई बुडून दहा-पंधरा वर्षे झालेली. ज्या सैन्यांनी शंभर वर्षे देश हलवला ती मोडून पडलेली. हातात तलवार असलेली हजारो माणसे बेकार. अशा काळात या सरदाराने फौजेचे शास्त्र घेतले, त्यातले मारणे काढून टाकले आणि उरलेली शिस्त वारीला दिली. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची व्यवस्था केली. ते अश्व आजही अंकलीहून चालत आळंदीला येतात.

तुम्ही वारी केली असेल तर हे सगळे अंगाने अनुभवले आहे. पहाटे पहिला कर्णा झाला की सामान बांधायचे, दुसऱ्याला दिंडीत उभे राहायचे, तिसऱ्याला चालू लागायचे. रथापुढे सत्तावीस दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, त्यात राजा असो वा मजूर, जागा बदलत नाही. हे लष्करी तळाचे नियम आहेत. पण हैबतबाबांची खरी फौजी नजर मला संध्याकाळच्या समाजआरतीत दिसते. पालखी तळावर येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार चोप वर करतात आणि लाखोंचा समाज एका क्षणात शांत होतो. मग काय होते? आरतीआधी हरवल्या-सापडल्याची पुकार होते. कोणाची पिशवी सापडली, कोणाची आई चुकली. आणि ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, ऐकून घेतात, आणि मगच टाळ थांबतात.

विचार करा. देवाचा सोहळा, देवाच्या पादुका तळावर, आणि देवाच्या आरतीआधी एका म्हातारीच्या हरवलेल्या गाठोड्याची चौकशी. पांडुरंग पाहून घेईल असे म्हणून हैबतबाबांनी ते सोडून दिले नाही. ज्याचे काही हरवले त्याला ते मिळेपर्यंत सगळे थांबतील, अशी ती व्यवस्था. १८३६ साली बाबा गेले. आळंदीच्या महाद्वाराच्या पहिल्या पायरीशी त्यांची समाधी आहे. कार्तिकात संजीवन समाधी सोहळ्याची सुरुवात त्या पायरीच्या पूजनाने होते. येणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याची धूळ अंगावर घ्यायला तो सरदार दारातच थांबला आहे.

फौजीकाकांना हैबतबाबांची ही सगळी कथा ठाऊक होती की नाही, मी विचारले नाही. पण मामाजी गेल्यानंतर त्यांनी जे केले ते त्याच घराण्यातले होते. ज्या घराने त्यांना हात जोडून परत पाठवले होते, त्या घरी ते तेराव्यानंतर गेले. विम्याचा विषय काढला नाही. मृत्यूचा दाखला आणला का, वारसफेर टाकला का, सोसायटीत अर्ज दिला का, एवढेच विचारले. आत्याला घेऊन तहसीलीत चार खेपा मारल्या. माझ्या आठवणीत त्या खेपांचे चित्र आहे. पुढे सायकल हातात धरून चालणारे फौजीकाका, मागे डोक्यावरून पदर घेतलेली आत्या.

हा स्वभाव त्यांना पलटणीत लागला होता. जवान पडला की त्याची पेटी घरी येते, मागून कागद येतात, आणि गावात तो कागद वाचणारा कोणी नसतो, हे त्यांनी पाहिले होते. त्यांच्या नोकरीतच, १ जानेवारी १९७६ पासून, सैन्यात सामूहिक विमा सुरू झाला. प्रत्येक शिपायाच्या पगारातून थोडी रक्कम, आणि जो पडेल त्याच्या घरी ती सगळ्यांची मिळून जाते. ते म्हणत, "पलटणीत कोनाले मरनाचा भेव नसते. मागचं घर उघडं पडंल याचा भेव रायते."

थोडे थोडे सगळ्यांनी घालायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला द्यायचे, ही गोष्ट भंडाऱ्याला परकी नाही. हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले तलाव इथे गावोगाव आहेत. पावसाने ओढ दिली तर धान वाचवायचे ते तलावाने. पाळ बांधायला, गाळ काढायला गाव राबायचे, आणि कोरड्या वर्षी त्याचे पाणी बांध्यांना मिळायचे. मालगुजारीत सगळेच न्यायाचे होते असे मी म्हणणार नाही, पण तलाव राखण्याची एक रीत होती. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि राबणूक हळूहळू सुटली. आज त्यांतले किती गाळाने भरले ते तुम्ही रोज बघता.

त्याच दशकात विम्याचे उलटे झाले. तोवर विमा म्हणजे शहरातल्या, पगारदार माणसाची वस्तू. १८१८ साली कलकत्त्यात पहिली कंपनी निघाली ती गोऱ्या लोकांसाठी. मुंबईत १८७० साली निघालेल्या संस्थेने हिंदी माणसाचा विमा गोऱ्यांच्याच दराने उतरवला, तोवर आपल्या माणसाच्या जीवाला जादा दर लागत असे. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया कंपनी काढली. पण कंपन्या बुडतही असत आणि ठेवलेला पैसा त्यांच्यासोबत जाई. १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. हे तेच चिंतामणराव, ज्यांनी त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले. दोनशे पंचेचाळीस लहानमोठ्या संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला महामंडळ सुरू झाले, आणि हेतूत स्पष्ट म्हटले होते की विमा खेड्यापर्यंत पोचला पाहिजे. आता खेड्यात पोचवणार कोण? कचेरी तर तालुक्याला. पोचवली ती सायकलवरच्या माणसांनी.

इथे फौजीकाकांचा एक गुण सांगायला हवा, कारण तो बाहेरून दिसत नाही. महामंडळाचे वर्ष मार्चअखेर संपते, म्हणून नवखे एजंट फेब्रुवारी-मार्चमध्ये धावाधाव करून पॉलिस्या काढतात. माणूस सहामाही हप्ता पसंत करतो, कारण तो लहान दिसतो. मग दुसरा हप्ता येतो सप्टेंबरात. सप्टेंबरात भंडाऱ्याच्या शेतकऱ्याकडे काय असते? धान उभे, खिसा रिकामा, वर खताची उधारी. महिनाभराची सवलत असते, ती सरते आणि पॉलिसी बंद पडते. पहिली तीन वर्षे पूर्ण भरलेली नसतील तर, त्या काळच्या नियमाने, भरलेलेही गेले. पाच वर्षांच्या आत व्याजासह भरून ती जिवंत करता येते, पण एकदा सुटलेला धागा गरीब माणूस सहसा पुन्हा धरत नाही. फौजीकाका मार्चमध्ये घरी बसायचे. त्यांची धावपळ मार्गशीर्ष-पौषात, चुरणे होऊन तुमसरच्या बाजारात धान विकले की. हप्ता वर्षाचा, आणि तारीख पैसा हातात असतानाची. वरचे साहेब त्यांच्यावर नाराज असत, मार्चच्या यादीत त्यांचे नाव कधीच वर नसे. पण त्यांच्या पॉलिस्या बंद पडत नसत.

वहीत त्यांनी प्रत्येक घराचे एक पान केले होते. पॉलिसीचा क्रमांक, हप्त्याची तारीख, वारसाचे नाव. खाली बारीक अक्षरात इतर नोंदी. कोणाच्या मुलीचे लग्न कधी, कोणाचे रक्त कोणत्या गटाचे, सप्ताहाची वर्गणी कोणाची राहिली. शेवटची नोंद वाचून तुम्ही हसाल. हरिनाम सप्ताहाचा हिशेबही त्याच वहीत असे, आणि तो मंदिराच्या भिंतीवर पैशापर्यंत लिहून लावला जाई. रक्तदानाचे शिबिर असो की आषाढात धापेवाड्याच्या यात्रेची गाडी, यादी तिथूनच निघे. आमच्याकडून पंढरी सहाशे किलोमीटरहून दूर आणि आषाढी येते ती ऐन रोवणीत. ज्याला पंढरी जमत नाही तो पौर्णिमेनंतर एका दिवसाची सवड काढून धापेवाड्याला जातो. तिथल्या नदीचे नावही चंद्रभागाच आहे.

तुकोबा सावकारीच्या घरात जन्मले. दुष्काळाने घर बसले, आणि परंपरा सांगते की वाटणीत आलेली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली. भावाच्या वाट्याची मात्र त्याला दिली. मला त्या कथेत हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. स्वतःचे येणे सोडण्याचा अधिकार माणसाला आहे, दुसऱ्याचे सोडण्याचा नाही. विम्याचा कागद हा दुसऱ्याच्या येण्याचा कागद आहे. तो नदीत जाऊ द्यायचा नसतो.

आणि आमच्याकडे तो खरोखरच नदीत गेला. ऑगस्ट २०२०चे शेवटचे दिवस आठवा. मध्य प्रदेशातून पाणी सोडले, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरापासून पवनी, लाखांदूरपर्यंत घरात पाणी शिरले. वर कोरोना चालू. लोक उतरलेल्या पाण्यातून परत आले तेव्हा ट्रंकांमध्ये लगदा होता. फौजीकाकांचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे. एजन्सी केव्हाच सोडलेली. त्यांनी माळ्यावरून वही काढली आणि मंदिराच्या ओट्यावर बसले. कागद बुडाला तरी करार बुडत नाही, क्रमांक सापडला की दुसरी प्रत निघते, एवढे त्यांना ठाऊक होते. लोक रांगेने येत होते, ते चष्मा सावरून पाने उलटत होते आणि चिठ्ठीवर क्रमांक लिहून देत होते. ज्यांची पॉलिसी त्यांच्याकडची नव्हती त्यांनाही अर्ज लिहून देत होते. मी तिथे होतो. कोणाच्या तोंडावर पट्टी होती, कोणाच्या नव्हती. फौजीकाका दर माणसाला अंतर ठेवायला सांगत होते आणि कोणी ऐकत नव्हते.

चोखोबांची गोष्ट तुम्ही जाणता. मंगळवेढ्याला वेशीची भिंत बांधण्यासाठी मजूर धरून नेले, त्यांत चोखोबा. भिंत कोसळली, माणसे खाली गाडली गेली. १३३८ साल सांगतात. त्या मजुरांची नोंद कोणी ठेवली नव्हती. राज्याने त्यांच्या घरी काही पाठवल्याचे कोठे लिहिलेले नाही. गेले ते फक्त नामदेवराय. ढिगाऱ्यातली हाडे कानाला लावून, ज्यातून विठ्ठलनाम आले ती चोखोबांची, असे ओळखून त्यांनी ती पंढरीला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. ही कथा आपण भक्तीच्या सामर्थ्यासाठी सांगतो, सांगावीच. पण तिच्यात दुसरेही काही आहे. मजूर मेला, आणि एक माणूस त्याच्यासाठी पंढरीहून चालत आला, उकिरड्यासारख्या ढिगात बसला आणि हा आपला आहे असे म्हणाला. कामावर मेलेल्या मजुराच्या घरी भरपाई गेली पाहिजे असा कायदा या देशात व्हायला १९२३ साल उजाडले. आमच्याच जिल्ह्यात, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. कायदे आहेत, रकमा आहेत. तरी प्रत्येक घरी कोणीतरी जावेच लागते. रक्कम स्वतःच्या पायाने चालत येत नाही.

म्हणून काही गोष्टी तुम्हाला सरळ सांगतो, फौजीकाका ओट्यावर बसून सांगायचे तशा. वारसाचे नाव लिहिले म्हणजे पैसा त्याचाच झाला, असे समजू नका. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नामनिर्देशित माणूस पैसा स्वीकारणारा, हक्क वारसांचा. २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी, मुले यांच्यासाठी हे बदलले आहे, पण जुन्या पॉलिसीवर नाव कोणाचे आहे ते एकदा पाहून घ्या. लग्नाआधी काढली असेल तर बायकोचे नाव नसेलच. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पॉलिसी घेण्याचे विचारावे. ती बायको-मुलांची ठेव होते, देणेकऱ्याचा हात तिथे पोचत नाही. शेतकरी साप चावून किंवा इतर अपघाताने गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शासकीय योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. मामाजींच्या वेळी ते नव्हते. आणि २०२३ पासून वारीचे तीस दिवस वारकऱ्यांसाठीही शासनाने विठ्ठल-रुक्मिणीच्या नावाने विमा छत्र जाहीर केले. वाटेत मृत्यू आला तर पाच लाख, कायमचे अपंगत्व आले तर एक लाख, औषधोपचाराला पस्तीस हजारांपर्यंत. वारीला निघताना आपले नाव, गाव आणि घरच्यांचा फोन दिंडीप्रमुखाच्या वहीत लिहून द्या. उद्या कोणाला शोधायची वेळ आली तर ती वहीच कामी येईल.

आता मामाजींच्या प्रश्नाकडे येतो. ते चुकले असे मला म्हणवत नाही. देव पाहून घेईल हे त्यांचे म्हणणे खोटे ठरले असेही मला वाटत नाही. कारण आत्याच्या दारात पाहून घ्यायला कोणीतरी आले होते. फक्त त्याच्या हातात शंख-चक्र नव्हते, सायकल होती. पण हेही खरे की आत्याची पाच वर्षे फार वाईट गेली. मोठ्या मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. ते पाच-सहा हजार रुपये घरात आले असते तर ती सुटली नसती. हा हिशेब मी अजून मिटवू शकलेलो नाही, आणि तो कोणी पंढरीच्या नावाने मिटवू नये असे मला वाटते.

पुढे आत्याचा मुलगा जवाहरनगरच्या कारखान्यात लागला. पहिल्या पगाराच्या महिन्यातच फौजीकाका आले. या वेळी त्यांनी विषय काढण्याआधी आत्यानेच चटई टाकली. अर्ज भरता भरता वारसाचा रकाना आला. मुलाने आईकडे पाहिले. आत्या म्हणाली, "पांडुरंगाचं नाव लिवा."

फौजीकाकांनी पेन थांबवला. "लिवतो वयनी. पन देवाचं वय का सांगू? आन् वेळ आली त पैसे उचलाले सही कोन करंल?"

आत्या हसली. मामाजी गेल्यानंतर तिला इतके मोकळे हसताना मी तेव्हाच पाहिले. मग तिने आपले नाव सांगितले. वय विचारले तर म्हणाली, मोठा पूर आला होता त्या साली मी रांगत होती. फौजीकाकांनी बोटांवर हिशेब केला, दोनदा खोडले, आणि एक आकडा लिहिला.

महिन्याभराने पॉलिसीचा कागद आला. आत्याला वाचता येत नव्हते. तिने ज्योतीजवळच्या अक्षरांवर बोट ठेवून हे काय आहे ते विचारले. फौजीकाकांनी वाचून दाखवले. आत्याने एवढेच म्हटले, "हे त नवव्या अध्यायातलं होय." मामाजी रोज मोठ्याने ज्ञानेश्वरी वाचत, ती चुलीपाशी बसून ऐकत असे.

तिने तो कागद ट्रंकेत ठेवला नाही. देव्हाऱ्याखाली लाल बासनात मामाजींची ज्ञानेश्वरी बांधलेली असे, त्या बासनाची गाठ सोडून आत ठेवला. पोथी उंच फळीवर असल्यामुळे वीसच्या पुरात ती आणि तो कागद, दोन्ही कोरडे राहिले.